मच्छीमार बोटीचा विमा ऑनलाइन: काय सोपं झालंय, कुठे अडतं

जून-जुलैत बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की मालकाला दोन महिने मिळतात. फळ्या बदलणं, रंग, इंजिनचं काम, जाळ्यांची डागडुजी आणि कागदपत्रं. विमा नवा काढायचा असो की पुढे चालू ठेवायचा असो, तो याच दिवसांत करावा. बोट पाण्याबाहेर असते, सर्वेअरला (विम्यासाठी बोट तपासणाऱ्याला) तळ दिसतो, इंजिनवरची पाटी पुसून वाचता येते आणि १ ऑगस्टला बोट लोटायच्या आधी पॉलिसी हातात असते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धावाधाव करणाऱ्याला सर्वेअरही मिळत नाही आणि अटी वाचायला वेळही मिळत नाही.

हा विमा ऑनलाइन काढता येतो का? येतो, पण निम्मा. चौकशी, कागद पाठवणं, भाव मागवणं, पैसे भरणं आणि पॉलिसी ई-मेलवर येणं एवढं घरबसल्या होतं. हर्णे किंवा देवगडच्या माणसाच्या शहरातल्या दोन-तीन फेऱ्या त्यामुळे वाचतात, हा मोठाच फायदा आहे. बोट बघणं मात्र ऑनलाइन होत नाही, आणि व्हायलाही नको. बाइकचा नंबर टाकला की भाव येतो आणि पैसे भरले की पॉलिसी येते. तीच अपेक्षा बोटीच्या बाबतीत ठेवली तर निराशा होईल. दोन बोटी एकाच साली, एकाच मापाच्या बांधलेल्या असल्या तरी एकीचा तळ ठणठणीत असतो आणि दुसरीच्या फळ्या किड्याने आतून पोखरलेल्या असतात. नंबरवरून हे कळत नाही.

ऑनलाइनचे रस्ते तीन. पहिला, कंपनीची स्वतःची वेबसाइट. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आणि मरीन विभाग असलेल्या खासगी कंपन्या यांत येतात. इथे वाहन किंवा आरोग्य विम्याच्या यादीत बोट शोधत बसू नका. ‘मरीन’मध्ये जा आणि त्यातही ‘हल’ (म्हणजे बोट) निवडा. ‘मरीन कार्गो’ म्हणजे जहाजातून जाणाऱ्या मालाचा विमा. दोन्ही नावं शेजारी असल्यामुळे पुष्कळ लोक तिथेच चुकतात आणि आठवडाभराने ‘हे आमच्याकडे नाही’ असं उत्तर येतं. दुसरा रस्ता ब्रोकरचा. ब्रोकर ग्राहकाच्या बाजूने तीन-चार कंपन्यांकडून भाव आणतो. चांगला ब्रोकर अटी वाचूनही दाखवतो, आणि पहिल्यांदा विमा काढणाऱ्यासाठी आमच्या मते हाच रस्ता बरा. तिसरा रस्ता एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकचा. लिंक कंपनीच्याच वेबसाइटवर उघडत असेल आणि पैसे कंपनीच्याच खात्यात जात असतील तर हरकत नाही. एजंटाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले तर तिथेच थांबा.

कोणत्याही रस्त्याने गेलात तरी कागद तेच लागतात. नौकेचं नोंदणी प्रमाणपत्र, चालू मासेमारी परवाना, मालकाचं आधार आणि पॅन (१ जानेवारी २०२३ पासून नव्या विम्यासाठी केवायसी सक्तीचं आहे), इंजिनचं बिल किंवा निदान इंजिनचा सिरीयल नंबर, मागची पॉलिसी, आधीचा सर्वे झाला असेल तर त्याचा अहवाल आणि कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र. फोटो मोबाइलवर काढून पाठवण्यापेक्षा स्कॅन करून पीडीएफ करा. प्रत्येक फाइलला बोटीच्या नंबराचं आणि कागदाचं नाव द्या. दहा बोटींचे कागद ज्याच्या एकाच ई-मेलवर येतात त्या माणसाला ‘आयएमजी’ने सुरू होणाऱ्या फाइलमधून तुमचा परवाना शोधावा लागला, की उशीर ठरलेलाच.

इथे सगळ्यांत जास्त अडतं ते नावावर. बोटीचं नाव नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) मराठीत रंगवलेलं असतं, नोंदणीत ते इंग्रजी अक्षरांत गेलेलं असतं आणि मागच्या पॉलिसीत टायपिंग करणाऱ्याने आपल्या मनाने लिहिलेलं असतं. ‘एकवीरा’ एका कागदावर दीर्घ ‘ई’ने, दुसऱ्यावर ऱ्हस्व ‘इ’ने. क्लेमच्या वेळी ही बोट तीच का, हा प्रश्न येतो. म्हणून फॉर्ममध्ये नाव नोंदणी प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरायचं, चुकीचं वाटलं तरीही. चूक सुधारायची असेल तर आधी नोंदणीत सुधारून घ्या. खरी ओळख नावाची नव्हे, नंबराची. ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा पूर्ण नंबर, मधल्या ‘एमएम’सकट, भरा. शेवटचे आकडे पुरेसे नाहीत. मालक कोण, तेही तसंच. बोट वडिलांच्या नावावर, परवाना मुलाच्या नावावर आणि विमा भावाच्या नावावर अशी घरं किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. बोट बुडाली तर ज्याचं नुकसान होतं त्याचाच विमा ग्राह्य. वारसाची नोंद आधी, विमा नंतर.

आता फॉर्ममधले रकाने. वीस मिनिटांत भरून होतात, पण पुढचं वर्षभर हेच रकाने बोलतात. आपल्याकडे मरीन विम्याला १९६३ चा सागरी विमा कायदा लागू आहे. त्याचं मूळ तत्त्व असं की जोखमीबद्दल मालकाला जे माहीत आहे ते त्याने न विचारता सांगायचं. फॉर्ममध्ये रकाना नाही म्हणून सांगितलं नाही, ही सबब चालत नाही. मागच्या वर्षी बोट खडकाला लागून तळ दुरुस्त केला असेल तर ‘इतर माहिती’ म्हणून जो मोकळा चौकोन असतो त्यात लिहा. चौकोन नसेल तर सोबतच्या ई-मेलमध्ये लिहा आणि तो ई-मेल जपून ठेवा.

किमतीचा रकाना सगळ्यांत घातक आहे. हप्ता कमी यावा म्हणून लोक किंमत कमी लिहितात. समजा, बोट खरी २५ लाखांची, विमा १५ लाखांचा आणि बँकेचं १८ लाख कर्ज बाकी. बोट गेली तर १५ लाख आधी बँकेकडे जातात, बोट नाही ती नाहीच आणि वर ३ लाखांचं देणं उरतं. उलट काही जण ‘जास्त लिहू, जास्त मिळेल’ म्हणून ३० लाख लिहितात. त्यातला खड्डा फारसा कोणी सांगत नाही. बोट बुडालेली नाही, पण इतकी मोडली की दुरुस्तीला बोटीपेक्षा जास्त खर्च येतो, तेव्हा तिला व्यवहारात पूर्ण नुकसान धरतात. हल पॉलिसींमध्ये बहुधा अशी अट असते की हा हिशोब बाजारभावाशी नव्हे, तर पॉलिसीत लिहिलेल्या किमतीशी लावायचा. म्हणजे बोट खरी २० लाखांची, पॉलिसीत ३० लाख, दुरुस्तीला २२ लाख. २२ हे ३० पेक्षा कमी, म्हणून पूर्ण नुकसान नाही. तुमची पॉलिसी फक्त पूर्ण नुकसानीची असेल तर हातात काहीच नाही. जास्त हप्ता भरून स्वतःचंच दार बंद केल्यासारखं झालं. म्हणून किंमत सर्वेअरच्या मूल्यांकनातून घ्या. हल (इथे बोटीचा सांगाडा), इंजिन आणि यंत्रसामग्री (विंच, फिश फाइंडर, जीपीएस, वायरलेस) यांचे आकडे वेगवेगळे लिहा. पॉलिसीत ‘ठरलेली किंमत’ असा उल्लेख आहे की नाही ते बघा. तो असला की, फसवणूक नसेल तर, पूर्ण नुकसानीत ती किंमत नंतर कोणालाही खालीवर करता येत नाही.

पूर्ण नुकसान की अंशतः नुकसानही, हा रकाना कधी कधी फक्त तीन इंग्रजी अक्षरांत असतो: ‘टीएलओ’. म्हणजे टोटल लॉस ओन्ली. बोट बुडाली, जळून खाक झाली, सापडलीच नाही, तरच पैसे. नाळ फुटली, सुकाणू गेलं, केबिन जळाली, यातलं काही नाही. भाव मागवताना सर्वांत स्वस्त दिसणारी पॉलिसी बहुतेक वेळा हीच असते, म्हणून दोन कंपन्यांचे भाव शेजारी ठेवताना आधी हे बघा, मग आकडे. जुन्या लाकडी बोटीला कंपनी अंशतः नुकसानीचं संरक्षण द्यायला तयार नसेल तर ते समजण्यासारखं आहे. पण पाच-सहा वर्षांच्या फायबर बोटीला टीएलओवर समाधान मानू नका. टीएलओच घ्यायची झाली तर बोट वाचवण्यासाठी केलेला खर्च मिळतो का, ते तरी विचारून घ्या. बोट ओढून आणणं, पंप लावणं, पाणबुडे बोलावणं हा खर्च लाखात जातो.

इंजिनबद्दल गैरसमज फार आहे. इंजिन समुद्रात बंद पडलं, हेड तडकलं, शाफ्ट (पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवणारा दांडा) झिजून तुटला, तर हे विम्यात बसत नाही. कायद्याच्या ५५व्या कलमातच आहे की नेहमीची झीज, नेहमीची गळती, वस्तूच्या मूळच्या दोषामुळे झालेलं नुकसान, उंदीर किंवा कीड यांनी केलेलं नुकसान आणि समुद्रातल्या संकटाने न झालेली यंत्राची मोडतोड हे पॉलिसीत मुद्दाम लिहिलं नसेल तर विमा कंपनीवर येत नाही. लाकूड पोखरणारा समुद्री किडाही त्यातच आला. आता यातला बारकावा बघा. तरंगत्या ओंडक्याला आदळून पंखा वाकला आणि त्याने शाफ्ट ओढला गेला, तर ते समुद्रातलं संकट आहे. तोच शाफ्ट बेअरिंग खाऊन तुटला, तर झीज. फरक तुटलेल्या तुकड्यावर दिसतो. एका झटक्यात मोडलेलं लोखंड ताजं, खरखरीत दिसतं. हळूहळू चिरत गेलेल्या तुकड्यावर लाटांसारख्या रेषा असतात आणि जुना भाग काळवंडलेला असतो. सर्वेअर हेच बघतो. म्हणून मोडलेला भाग भंगारात देऊ नका, पाण्याने धुऊन, तेल लावून, पोत्यात बांधून ठेवा.

पुढचा रकाना समुद्राच्या हद्दीचा. महाराष्ट्राचा राज्य जलधी किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. बोट प्रत्यक्षात त्यापलीकडे जात असेल आणि फॉर्ममध्ये १२ मैल लिहिलं असेल तर ती चूक महागात पडते. गुजरात, गोवा किंवा कर्नाटकाच्या समुद्रात जाणं होत असेल तर तेही लिहा. मरीन विम्यात अशा बांधिलकीला ‘वॉरंटी’ म्हणतात. तिचा अर्थ मिक्सर-फ्रिजच्या वॉरंटीचा नाही. हा मालकाने दिलेला शब्द असतो. १९६३ च्या कायद्यानुसार वॉरंटी काटेकोरपणे पाळली पाहिजे, मग ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. मोडली की मोडल्या तारखेपासून कंपनीची जबाबदारी संपते. चूक नंतर दुरुस्त केली होती, असंही म्हणता येत नाही. इंग्लंडने आपल्या कायद्यातला हा कडकपणा २०१५ मध्ये सैल केला, आपल्याकडे तो तसाच आहे. ऑनलाइन फॉर्ममधल्या ‘मी मान्य करतो’ यापुढच्या टिक-खुणेमागे हे उभं असतं. आमची या सेवेवरची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. वॉरंटीच्या ओळी टिक करण्याआधी मोठ्या अक्षरांत, मराठीत दाखवायला हव्यात. त्या बहुतेक वेळा पॉलिसी आल्यावर शेवटच्या पानांवर, इंग्रजीत, बारीक टाइपात दिसतात.

याला जोडूनच कायदेशीरपणाची अट. प्रत्येक मरीन पॉलिसीत, लिहिलेली नसली तरी, सफर कायदेशीर असली पाहिजे ही अट धरलेलीच असते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्या काळात चोरून बाहेर गेलेली बोट बुडाली तर क्लेमची आशा धरू नका. एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातली आहे. जनरेटर आणि दिवे घेऊन गेलेल्या बोटीची गत तीच. परवान्याची मुदत संपलेली असणंही कंपनीच्या हातात आयतं कोलीत. विम्याची तारीख पाहताना परवान्याची तारीखही शेजारी लिहून ठेवा.

पण बंदीत बोट किनाऱ्यावर आहे म्हणून त्या दोन महिन्यांचा विमा नको, असं म्हणणाऱ्यांनी ३ जून २०२० आठवावा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा अनेक बोटी खाडीत नांगरलेल्या किंवा किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. वादळाने त्यांना तिथेच गाठलं. बंद काळासाठी काही कंपन्या हप्त्यात थोडी सूट देतात, ती जरूर मागा. मात्र बोट नेमकी कुठे ठेवणार ते खरं लिहा. ‘किनाऱ्यावर ओढून’ लिहिलं आणि प्रत्यक्षात खाडीत नांगर टाकून ठेवली, तर तोही शब्द मोडलाच. नांगर किती, दोर कुठला, रखवालदार कोण, हे सर्वेअर विचारतो. उत्तर तयार असू द्या.

खलाशी या पॉलिसीत नसतात. हल म्हणजे बोट. तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशांसाठी वेगळं संरक्षण लागतं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख आणि अपघाताने रुग्णालयात राहावं लागल्यास २५ हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, मच्छीमाराला पदरचं काही भरावं लागत नाही. नाव नोंदलं आहे की नाही, ते मात्र प्रत्येकाचं तपासा. कामाला आलेले परराज्यातले खलाशी यातून निसटतात. मालकावर येणाऱ्या नुकसानभरपाईच्या जबाबदारीसाठी संरक्षण पॉलिसीला जोडून घेता येतं का, हेही भाव मागवतानाच विचारा. जाळ्यांचंही तसंच. पाण्यात टाकलेलं जाळं खडकात अडकून फाटलं, दुसऱ्या बोटीने कापलं, तर हल पॉलिसीत बहुधा काही मिळत नाही. परदेशी यंत्रणेने बोट धरून नेली तर तीही नेहमीच्या पॉलिसीबाहेर, त्याला युद्धजोखमीचं वेगळं कलम लागतं. गुजरातच्या बोटींवर जाणाऱ्या पालघरच्या खलाशांना आणि त्यांच्या घरच्यांना ही जोखीम चांगली ठाऊक आहे.

फॉर्म गेला की फोटो मागवतात. इथे कंजुषी करू नका. बोट दोन्ही बाजूंनी पूर्ण, नाळेवरचा नंबर वाचता येईल असा, मागचा भाग, पंखा आणि सुकाणू एकत्र, इंजिन पूर्ण, इंजिनची पाटी जवळून, केबिनच्या आतलं इलेक्ट्रॉनिक सामान, तळात साचलेलं पाणी उपसायचा पंप, अग्निशामक, लाइफ जॅकेट मोजता येतील अशी मांडून. पाटीवर ग्रीस आणि रंगाचे थर असतात. डिझेलच्या फडक्याने पुसा, खरवडू नका, आकडे उथळ कोरलेले असतात. फ्लॅश समोरून मारला की पाटी नुसती चमकते आणि आकडे दिसत नाहीत. टॉर्च एका बाजूने तिरका धरा, प्रत्येक आकड्याला सावली पडते आणि नंबर स्वच्छ उठतो. फोटोवर तारीख आणि ठिकाण येऊ द्या. हाच संच स्वतःकडेही ठेवा. क्लेमच्या वेळी ‘आधी बोट कशी होती’ याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

सर्वेअर आला की बोट कोरडी, तळातल्या फळ्या उघडलेल्या हव्यात. लाकडी बोटीला तो हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. कणखर आला तर ठीक, बद्द आला तर लाकूड कुजलेलं. फायबरला ओलाव्याचं यंत्र लावतो. शाफ्ट जिथून बाहेर जातो ती नळी, पाणी घेणारे झडप आणि बॅटरीच्या वायरी तो हमखास बघतो, कारण बोटीत पाणी आणि आग शिरायच्या जागा याच. त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या (‘महिन्याच्या आत झडप बदला’ अशा) पुढे पॉलिसीत अट म्हणून येतात. केल्याचा फोटो आणि बिल त्याच ई-मेलच्या उत्तरात पाठवा. ही पायरी लोक सोडतात. दुरुस्ती करतात, पण कळवत नाहीत. मुदतीच्या (ठरावीक काळासाठी काढलेल्या) पॉलिसीत बोट समुद्रयोग्य असल्याची सरसकट हमी धरली जात नाही, पण मालकाला माहीत असून नादुरुस्त बोट पाठवली आणि त्याच दोषामुळे नुकसान झालं, तर कंपनी जबाबदार नाही. सर्वेअरचा अहवाल तुमच्या हातात आहे म्हणजे दोष तुम्हाला माहीत होता, हे उघड आहे.

पैसे भरताना एक पक्कं लक्षात ठेवा. विमा कायद्याच्या ६४व्हीबी कलमानुसार हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. खात्यातून रक्कम वजा झाली पण पावती आली नाही, अशी अवस्था ऑनलाइनमध्ये येते. अशा वेळी बोट लोटू नका. व्यवहार क्रमांक टाकून कंपनीला ई-मेल करा आणि लेखी उत्तर येऊ द्या. भाव जीएसटी धरून आहे की वगळून, तेही आधीच विचारा.

पॉलिसीची पीडीएफ आली की पहिलं पान सावकाश वाचा. नंबर, नाव, इंजिनचा सिरीयल नंबर, तिन्ही रकमा, हद्द, सुरुवातीची तारीख आणि वेळ, बँकेचं नाव, आणि प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची रक्कम. ही रक्कम मोठी असेल तर लहान नुकसानीचे क्लेम नावापुरतेच राहतात. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं नाव काढून घ्या, नाहीतर पैसे तिकडे जातील. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी कळवून दुरुस्तीपत्र मागा. फोनवर ‘हो हो, करतो’ याला किंमत नाही. मागच्या पानांवरचं ‘वॉरंटेड’ या शब्दाने सुरू होणारं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा आणि तांडेलाला मराठीत समजावून सांगा. बोट समुद्रात असते तेव्हा शब्द पाळायचा असतो तो त्याला.

क्लेमच्या वेळी ऑनलाइनची खरी परीक्षा होते, आणि इथे गुण कमी द्यावे लागतात. वेबसाइटवर क्लेम नोंदवता येतो, नंबर मिळतो, पण पुढचं सगळं माणसांमार्फत चालतं. आधी जीव. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा. माणसं सुरक्षित झाली की बोट वाचवायचा प्रयत्न करणं ही कायद्यानेच मालकाची जबाबदारी आहे. ‘विमा आहे, जाऊ दे’ म्हणून सोडून दिली तर क्लेम कमी होतो. ओढून आणणाऱ्या बोटीचं नाव, नंबर, तास आणि दिलेले पैसे लिहून घ्या, सही घ्या. किनाऱ्यावर आल्यावर सागरी पोलीस ठाण्यात नोंद आणि पंचनामा, मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी कळवणं आणि कंपनीला ई-मेल हे सगळं त्याच दिवशी. बाहेर जाताना घेतलेलं टोकन, डिझेलची पावती आणि जीपीएसमधला मार्ग हे तीन पुरावे बोट कधी निघाली आणि कुठे होती ते सांगतात. जीपीएस पाण्यात भिजला असेल तर चालू करून बघू नका, तसाच ठेवा. सर्वेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. नुकसान वाढू नये म्हणून जे तातडीचं आहे तेवढंच करा आणि करण्याआधी फोटो काढा.

प्रवासी बोट, स्कुबा किंवा पॅरासेलिंगची बोट यांच्यासाठी वरचं बरंच लागू आहे, पण प्रवाशांची जबाबदारी हा त्यांचा गाभा. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, त्यानंतर हे वेगळं सांगायला नको. फॉर्ममध्ये ‘खासगी’ निवडून भाड्याने बोट चालवणं म्हणजे विमा नसणंच. लहान बोटीच्या आउटबोर्ड (बाहेरून बसवलेल्या) इंजिनाबद्दल नौकाविहाराच्या प्रमाणित अटींत दोन गोष्टी आहेत. इंजिन सुटून पाण्यात पडलं तर भरपाई नाही. चोरीला गेलं तर नेहमीच्या बोल्टशिवाय चोरीविरोधी कुलूप लावलेलं असेल तरच भरपाई. कुलूप काही शे रुपयांचं असतं. त्याचं बिल पॉलिसीसोबत ठेवा.

बनावट वेबसाइट ओळखायला फार हुशारी लागत नाही. विक्रेत्याचा आयआरडीएआय (विमा नियामक संस्था) नोंदणी क्रमांक आयआरडीएआयच्या वेबसाइटवर तपासा आणि पॉलिसी आल्यावर तिचा नंबर थेट कंपनीला विचारा. कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर. तक्रारीला ई-मेलची तारीखवार साखळी जोडा. ऑनलाइन विम्याचा सगळ्यांत मोठा, आणि फारसा कोणी न वापरलेला, फायदा हाच आहे की प्रत्येक शब्द लेखी असतो.

नूतनीकरणाची तारीख जमल्यास जुलैच्या मध्यावर आणून ठेवा. पॉलिसी एक दिवसही तुटली तर कंपनी नव्याने सर्वे मागू शकते, आणि ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरल्यावर तळ दाखवायला ती पुन्हा वर ओढावी लागेल.